भरदुपारची अरुंधती

डिकी आवरताना, तारे बघताना डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद चिकटवलेला टॉर्च सापडला आणि वेल्समधली ती टेकडी आठवली. बाबांची नजर झपाट्याने जात होती. म्हणून ढग, चंद्र, पार्किंग असं सगळं तपासून मी कार्डिफपासून लांब ती जागा शोधली होती. आकाश ताऱ्यांनी गच्च भरलं होतं.

"लग्नात भरदुपारी अरुंधती दाखवलीत," आई हसून म्हणाली, "आज तरी खरी दाखवा!"

बाबांनी बोट उचललं, ते थेट समोरच्या काळ्या डोंगराकडे. "ती बघ."

डोंगराकडेच बघत आई म्हणाली, "दिसली हो."

"पुढच्या वेळी याहून अंधारी जागा शोधते," मी उत्साहाने म्हणाले. बाबांना तेव्हाच सगळ्या जागा सारख्याच अंधाऱ्या झाल्या होत्या, हे मला आता कळतंय.