भाचीच्या खेळात मोर्चाचं गाणं

लोणखेड्याला ताईकडे गेले की भाची मोबाईलवर गाण्यांचा खेळ काढते. पडद्यावर रंगीत चौकोन पडतात, तालावर बोट टेकवायचं; आपलं गाणंही त्यात टाकता येतं. तिच्या गाण्यांवर मी दर वेळी हरते.

"मावशी, तुले एकबी गानं येत नही का?"

मला चीड आली. वडील मोर्चांत गायचे; पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून आम्ही बहिणी वाढलो. मोर्चाची गाणी मला तोंडपाठ आहेत. वडिलांनी घरी एकट्यानेच गाऊन मोबाईलवर पाठवलेलं एक गाणं मी खेळात टाकलं. या घरात कुणीतरी ते माझ्यासोबत म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

भाचीचा एकही चौकोन चुकला नाही. मग कडवं संपलं आणि वडील थांबले. मोर्चात गाणारा तिथे थांबतोच. पुढची ओळ लोकांनी म्हणायची असते. चौकोन पडेनात.

"बंद पडनं वाटतं," भाची म्हणाली.

मी ती ओळ मोठ्याने म्हटली. ताई स्वयंपाकघरातून दारात आली. आता तीही म्हणेल, म्हणून मी तिच्याकडे पाहत राहिले.

"आवाज कमी करा व, शेजारी झोपेल शेतस." शेजारी झोपलेत, एवढंच तिला सांगायचं होतं.

वडिलांनी दुसरं कडवं सुरू केलं. भाचीचं बोट पुन्हा चालू लागलं.