पाठीला पाठ

सरांनी मला दंडाला धरून रांगेतून ओढलं आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या नातीच्या पाठीला पाठ लावून उभं केलं. दोघी आठवीतल्या, एकाच वयाच्या. माझं डोकं तिच्या खांद्याखाली. सर वर्गाला म्हणाले, "बघा. ह्यांच्यात वाढच न्हाय. खाणं तसलं, रक्त तसलं." आम्ही बौद्ध. 'ह्यांच्यात' म्हणजे कुणात, हे शिवाजी पेठेतल्या त्या शाळेत कुणाला विचारावं लागलं नाही. ती पोरगी माझ्या डोक्यावर हात ठेवून हसली. मग तो हात तिनं स्कर्टला पुसला.

मी रडत घरी गेले. आई लोकांची धुणीभांडी करायची. तिला सरांचं बोलणं खरं वाटलं. शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? तिनं स्वतःलाच दोष दिला आणि अख्खं कोल्हापूर जे करतं तेच केलं. रोज संध्याकाळी मला दूधकट्ट्यावर न्यायला लागली. म्हैस समोर उभी, धार थेट गिलासात, फेसासकट प्यायचं. बाकीच्यांना कट्ट्यावरचा गिलास. आईला गवळी म्हणाला, "तुमचा गिलास घरनं आणत जावा." दुसऱ्या दिवसापासून आई आणू लागली.

दोन वर्षं ते दूध प्याले. उंची जिथल्या तिथं. उलट अंग जड, कातडी कोरडी, भर उन्हाळ्यात थंडी, वर्गात झोप. सगळे मला मठ्ठ म्हणू लागले.

एकदा शाळेतच चक्कर येऊन पडले, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉईड. म्हणाल्या, "मूल वाढत नाही त्याला कारणं बरीच असतात. पोटाला कमी पडणं, आतड्याचं दुखणं, ग्रंथीचा आजार. हिला रोज एक गोळी पुरली असती. इतका उशीर का केला?" त्यांच्या कारणांत जात कुठंच नव्हती.

आई खाली बघत म्हणाली, "सर म्हणालं हुतं, रक्तातच न्हाय."

गेलेली उंची सगळी भरून येणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आईनं पदर तोंडात कोंबला. मला रडू आलं नाही. राग आला.

गोळ्यांनी डोकं जागं झालं. दहावीत सरांनी पुन्हा बोलावलं. "ये, दुधानं काय फरक पडलाय बघू." ती अध्यक्षांची नात पाठ करून तयारच उभी होती.

"पाठ लावणार न्हाय, सर. मला थायरॉईड हाय. तुमचं ऐकून आईनं दवाखाना केला न्हाय. माझी उंची तुम्ही खाल्ली."

सरांनी कानाखाली मारली. मी जागची हलले नाही. वर्गातलं कुणीही उठलं नाही.

आज कागलच्या एमआयडीसीत मशीनपुढं लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहते. सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. कुठंही कुणी एखाद्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून "ह्यांच्यात असंच" म्हणालं, की मी तो हात मनगटाला धरते. आणि सोडत नाही.