सरळ रेघ

खोटं कशाला सांगू, मला क्रिकेट खेळता येत नाही. गुडघा कामातून गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. पण तोंड शाबूत होतं, आणि कुवेतमधल्या आमच्या टीमला माझं तेवढंच हवं असायचं. टीम म्हणजे बहुतेक सगळे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान गडी. कुणी राई नावाच्या भागात स्पेअर पार्टच्या दुकानात, कुणी गॅरेजात, दोघं ड्रायव्हर. मी एकटा कोल्हापूरचा, एका दवाखान्यात ईसीजी काढणारा टेक्निशियन. शुक्रवारी सकाळी अहमदीच्या पलीकडे वाळूत चटई अंथरून मॅच व्हायची. एक जण मोबाइल स्टँडला लावून ती नेटवर लाइव्ह दाखवायचा, आणि मी सावलीत खुर्ची टाकून खाली कॉमेंट लिहायचो.

माझ्या कॉमेंट वाचायला लोक मॅच बघायचे, असं मला वाटायचं. आता लाज वाटते, पण वाटायचं खरं.

आमचा कॅप्टन माझा जिगरी दोस्त. राईच्या दुकानात काउंटरवर बसायचा, खोलीवर चौघांत राहायचा, गुरुवारी माझ्याकडे सबाह अल-सालेमला जेवायला यायचा. बायको, सहा वर्षांची मुलगी आणि आई गावाकडे. आदल्या वर्षी एकदा त्याच्या छातीत कळ आली. बिर्याणी जरा जास्तच हाणली होती, दुसरं काही नव्हतं. पण मी ईसीजी काढला आणि त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोला सांगितलं, "वहिनी, रेघ मस्त वर-खाली नाचतेय. रेघ सरळ झाली की घाबरायचं, तोवर नाही." ती हसली. त्यानंतर त्याला शिंक आली तरी ती त्याला म्हणायची, "त्या रेघवाल्या भाऊंना दाखवा."

त्या शुक्रवारी सेमी-फायनल होती. शेवटच्या दोन ओव्हरमध्ये अकरा रन हवे, सहा विकेट हातात, कॅप्टन सेट. समोरच्या टीमची पोरं किट आवरायला लागली होती. आमच्यातल्या एकाने चहावाल्याला वीस कप सांगून ठेवले. मी लिहिलं, "फायनलला पांढरे कपडे धुऊन ठेवा."

आणि मग आमच्या लोकांना काय झालं, देव जाणे. पहिला उगाच उचलून मारायला गेला, कॅच. दुसरा आला तसा बोल्ड. तिसऱ्याने स्वतःच्या पार्टनरकडे न बघता धाव घेतली. चौथा सिक्स मारायला गेला, ज्याच्याकडून आयुष्यात सिक्स गेलेला नाही. पाचवा कसा आऊट झाला ते मी बघितलंच नाही, मी टाइप करत होतो. शेवटच्या बॉलला नुसत्या बरोबरीला दोन हवे होते. कॅप्टनने पहिला पूर्ण केला, दुसऱ्यासाठी वळला, आणि बॅट चटईच्या कडेत अडकली. तोंडावर पडला. स्टंप उडाले. तो उठलाच नाही, पालथाच पडून राहिला. लागलं काही नव्हतं. शरमेने पडला होता.

नेमका त्याच वेळी लाइव्हवाला मोबाइल तापून अडकला. पडद्यावर तो पालथा माणूस तसाच गोठून राहिला, आणि खाली कॉमेंट धो धो यायला लागल्या.

आपली भाषा बघा. हरलेल्या माणसाला आपण हरला म्हणतच नाही. "गेला!" "मेला रे मेला!" "घात झाला." "ती चटई आणा, त्यातच गुंडाळा." कुणी दुबईहून लिहिलं, "चौघे जण पुढे व्हा, खांदा द्या." आमच्याच एकाने कुणी वारल्यावर म्हणतात ते "इन्ना लिल्लाही" टाकलं, खाली हसरे चेहरे. मी मागे राहतोय होय? मी लिहिलं, "सरळ रेघ आली. वायरी काढा." त्यावर लोकांनी असे हसरे चेहरे ओतले की मला क्षणभर आपण मॅच हरलोय याचाही विसर पडला.

तेवढ्यात एक गुलाबाच्या फोटोचं खातं आलं. नाव काहीतरी लाडाचं, बाहुलीसारखं. लिहिलं होतं, "भाऊ, खरा काय ता सांगा. त्यांना काय झाला?"

समोरच्या टीमची पोरं अशी बायकांच्या नावाची खोटी खाती काढून आमची मजा घ्यायची. दोनदा मी फसलो होतो. मनात म्हटलं, यावेळी नाही बेट्या. आणि उत्तर दिलं, "काही उरलं नाही वहिनी. आता आवरायचं आणि पोचवायचं."

गुलाब गप्प झाला. मला वाटलं, बोलती बंद केली.

पुढचा अर्धा तास आम्ही मैदानावर भांडलो. धाव कुणी मागितली, कुणी नाही म्हणाला, ते सगळं. वीस कप चहा आला, कुणी पिईना. कॅप्टन एकटाच किटबॅगवर बसून पॅडचे पट्टे सोडत होता. फोन सगळ्यांचे बॅगेत, माझा खिशात, आवाज बंद. जुम्म्याच्या नमाजाला उशीर होतोय म्हणून एकाने त्याला उठवलं, तेव्हा त्याने फोन बाहेर काढला.

घरून आलेल्या मिस्ड कॉलची रांग होती. त्याने घरी लावला. मी शेजारीच होतो. पलीकडून रडण्याचा कल्लोळ एवढा की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. तो ओरडला, "आई, काय झालं? कोण गेलं?"

कोण गेलं, हे तोच विचारत होता!

"मी बोलतोय, मी!" तो सांगत राहिला, आणि आई तिकडून विचारत राहिली, "मी म्हणजे कोण?" तिला वाटलं, खोलीवरचा कुणीतरी तिची समजूत काढतोय. शेवटी त्याने व्हिडिओ लावला. मला पडद्यात म्हातारीचा नुसता तळहात दिसला. ती फोनवरून हात फिरवत होती, त्याच्या तोंडावरून.

हळूहळू सगळं कळलं. तिकडे दुपार झालेली, गावातले सगळे पुरुष जुम्म्याला मशिदीत. घरात सासू, सून आणि पोरगी, तिघी मिळून मोबाइलवर मॅच बघत होत्या. चित्र अडकलं तेव्हा बाप जमिनीवर पालथा. मग इन्ना लिल्लाही. विचारायला जवळ कुणी नाही, आणि इकडे कुणी फोन उचलत नाही. गुलाबाचं खातं वहिनींचंच, पोरीच्या लाडक्या नावाने काढलेलं.

दोस्ताने कॉमेंट वर सरकवत वाचल्या. माझ्या नावापाशी त्याचं बोट थांबलं. मी वाट बघत होतो की आता आईबहिणीवरून काढेल, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"बाकीच्यांच्यावर तिने विश्वास ठेवला नव्हता," तो म्हणाला. "तुझं नाव बघितलं, तेव्हा ठेवला. तू हॉस्पिटलातला माणूस ना."

मग तो नमाजाला गेला. मी गाडीत बसून माझ्या दोन्ही कॉमेंट पुसल्या. त्याने काय होणार होतं? वाचणाऱ्यांनी वाचल्या होत्या.

आठवडाभर ग्रुपवर हाच विषय. अर्धे म्हणाले, हसण्यावारी न्या, माणूस जिवंत आहे ना? उलट आयुष्य वाढलं त्याचं. आपल्यात म्हणतातच तसं. मी त्यातल्या एकाला इतकं बोललो की त्याने ग्रुप सोडला. राग त्याचा नव्हता, माझाच मला आला होता. दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक दाराशी उभे असतात तेव्हा मी तोंडातून एक शब्द काढत नाही, डॉक्टरांना विचारा म्हणतो. तो माझा नियम आहे. आणि मैदानावर खुर्चीत बसून, चार हसऱ्या चेहऱ्यांसाठी, मी एका बाईला तिचा नवरा मेल्याचं सांगून बसलो.

दोस्त गुरुवारी जेवायला येईनासा झाला. भांडण नाही काही. "दुकानात काम आहे," म्हणायचा. माझ्या बायकोने डबा भरून दिला की तो घ्यायचा आणि रिकामा डबा पोचवायला दुसऱ्याला पाठवायचा. तिसऱ्या आठवड्यात मला राहवेना. मीच राईला त्याच्या दुकानात गेलो आणि काउंटरवर म्हटलं, "वहिनींना फोन लाव. मला माफी मागायची आहे." त्याने माझ्याकडे बघितलं, फोन लावला, माझ्या हातात दिला आणि गिऱ्हाइकाला ब्रेक पॅड दाखवायला गेला.

मी बरंच बोललो. मूर्खपणा झाला, ओळखलं नाही, पाय धरतो, असलं सगळं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"भाऊ, मी विचारला, तुम्ही सांगितलात," ती म्हणाली. "माझा तुमच्यावर राग नाय."

मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. म्हटलं, चला, सुटलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आई कशा आहेत.

ती म्हणाली, "जेवतात, नमाज पढतात. माझ्याशी बोलत नायत."

"तुमच्याशी का?"

"त्या दिवशी तुम्ही लिहिलेला वाचला नि त्यांनीच माझ्या हातातली काकणां उतरवली, भाऊ. एक निघत नव्हता, तर साबण लावून काढलान. आता नवीन आणून ठेवलीत कपाटात. त्यांनीच भरावीत म्हणून मी हात पुढे केला की त्या उठून पडवीत जातात."