सैल गाठ

हौसाआत्या गेल्या, त्यानंतर दहा-बारा दिवस मी भैरोबाच्या देवळावरून मान वळवून जात होते. राग होता, दुसरं काय. त्यांना दवाखान्यात ठेवल्यापासून मी रोज अनवाणी देवळात गेले, रविवारचे निरंकार उपास धरले, नाक घासलं, आणि तरी त्याने त्यांना नेलं. मी मुळात तोंडाची फटकळ. देवालाही चार शब्द सुनावले, आता तुझ्या पायरीला पाय लावणार नाही म्हणून सांगून आले. आणि गंमत बघा, त्याच देवाचा काळा दोरा माझ्या डाव्या मनगटावर होता आणि तो सोडायला माझा हात धजत नव्हता.

आत्या म्हणजे आमच्या शेजारच्या, महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या. बारा वर्षांपूर्वी आम्ही लातूरकडून येऊन इथे पत्र्याची खोली घेतली, तेव्हा पहिल्या दिवशीची भाकरी आणि ठेचा त्यांच्याच चुलीवरचा. त्यांच्या मुलाची, दत्तूभाऊंची, कंपनीत प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून आत्यांचा नेमच होता, दर महिन्याला देवळातून दोरे आणायचे आणि आळीतल्या मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला बांधायचे. मी ड्रिल मशीनवर लागले तशा माझ्याकडेही आल्या. मी म्हटलं, आत्या, आमच्याकडे हातात काहीच चालत नाही, बांगड्यासुद्धा काढून ठेवतो. फिरत्या ड्रिलला काही गुंतलं तर मशीन हातच ओढून घेतं. त्यांना हसूच आलं. "मग पायात बांधते की. देवाला काय निसते हातच दिसत्यात व्हय?" तेव्हापासून माझा दोरा पायात. आणि गाठ अशी, की कात्री लावल्याशिवाय निघायची नाही.

शेवटचा दोरा तेवढा हातात आला. दवाखान्यात त्यांना उठवत नव्हतं. त्यांनी उशीखालून दोरा काढला, माझा डावा हात धरला आणि बांधायला लागल्या. बोटांत जीव नव्हता. दोनदा दोरा निसटला. तिसऱ्यांदा कशीबशी गाठ बसली, तर स्वतःच्याच हाताकडे बघत म्हणाल्या, "सैल ऱ्हायली गं पोरी. कामाला जाताना सोड आन् पायात बांधून घे." मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या, आणि मी त्यांचं सांगणं ऐकलं नाही. त्यांच्या हातची ती शेवटची गाठ होती. सोडवेनाही आणि घट्ट करायला बोटही लावावंसं वाटेना.

आमच्या लाइनवर शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर सगळ्या बायकांचे हात बघतात. मी दोरा कोपराकडे सारायचे, वरून बाहीचं बटण लावायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे. सुपरवायझर भला माणूस, त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मशीन चालू झालं की अर्धं लक्ष कामात आणि अर्धं बाहीत. दर थोड्या वेळाने बटण चाचपायचं, दोरा वरच आहे ना ते बघायचं. घरी आल्यावर ठरवायचे की उद्या नक्की सोडायचा. सकाळी पुन्हा तेच. असं दहा दिवस चाललं.

अकराव्या दिवशी माल तातडीचा होता. पार्ट डाव्या हाताने फिक्स्चरच्या खाचेत धरायचा, उजव्या हाताने दांडा ओढून ड्रिल खाली आणायचं, काढायचा, दुसरा लावायचा. जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ उरला होता. बाहीचं बटण कधी निघालं मला कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की ड्रिल खाली येतंय आणि दोऱ्याचा फेर त्याच्या अगदी जवळ लोंबतोय. उजवा हात दांड्यावरून सुटेपर्यंत झटका बसलासुद्धा. मनगट फिरत्या ड्रिलकडे ओढलं गेलं. हात गेला, एवढंच मनात आलं, आणि ज्याच्याशी अबोला धरला होता त्याचंच नाव तोंडातून निघालं. भैरोबा!

मग ओढ अचानक थांबली. मी मागे कोलमडले. पलीकडे काम करत असलेले मेंटेनन्सचे सलीमभाई धावत आले, त्यांनी लाल बटण दाबलं. मी हात छातीशी घट्ट धरला होता, बघायची हिंमत नव्हती. ते हळूच म्हणाले, "ताई, हात दाखवा." दहा दिवस ज्या हातांनी खोटं बोलले, ते मी पुढे केले. पाचही बोटं जागच्या जागी होती. मनगटावर फक्त एक लाल रेघ होती. सलीमभाईंनी पक्कडीने ड्रिलला गुंडाळलेला दोरा उलगडला, तेल पुसलं आणि नीट न्याहाळला. म्हणाले, "तुटला नाही, बघा. गाठ सुटली. घट्ट असती तर..." मी तिथेच खाली बसून रडले. आत्या गेल्यापासून तशी रडलेच नव्हते.

सुपरवायझरला मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी लेखी ताकीद दिली, आठ दिवस मशीनवरून उतरवून पॅकिंगला बसवलं. मला ते योग्यच वाटलं. हे कोणी केलं, म्हाताऱ्या बोटांतल्या अशक्तपणाने की आणखी कोणी, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की ज्या दुखण्यापायी मी देवाला बोल लावत होते, त्याच दुखण्याने ती गाठ सैल ठेवली होती. मी मागितलं ते त्याने दिलं नाही. जे मागायचं मला सुचलंही नसतं, ते देऊन ठेवलं होतं. त्या संध्याकाळी देवळात गेले, पायरीवर डोकं टेकलं आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही.

आता दोरे मी आणते. आळीतल्या सगळ्यांच्या पायात बांधते. माझ्या पायातला दोरा मात्र दत्तूभाऊंकडून बांधून घेते. तीन बोटांनी त्यांना वेळ लागतो, ते ओशाळून म्हणतात, "वहिनी, गाठ काय घट्ट बसत न्हाई बघा."

"राहू द्या भाऊ," मी म्हणते. "आत्याही अशीच बांधून गेल्या."