बाबांच्या बंदुकीवरचे ओरखडे

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईला झालं, आणि त्याचा पहिला फटका बसणार होता तो पोलीस ठाण्यातल्या एका बिचाऱ्या हवालदाराला.

तिथे माझ्या भावाकडे पंधरा दिवस राहून बाबा वरंधच्या घरी परतले ते थेट बंदुकीपाशी. चहासुद्धा घेतला नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ही एकनळी बंदूक पस्तीस वर्षं घरात आहे. तिच्यातून आजवर एकाही डुकरावर बार उडालेला नाही, पण दर रविवारी तेलपाणी अगदी साग्रसंगीत. आईला हात लावायची मुभा नाही. आई तिला सवत म्हणते. तर नव्या डोळ्याने बाबांनी बघितलं, आणि नळीवर बोटबोटभर तीन ओरखडे! मला महाडला फोन आला, "बाय, माझ्या बंदुकीची वाट लावली गो त्यांनी!"

त्यांनी म्हणजे पोलिसांनी. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. ऑपरेशनच्या आधीच ती परत आणली होती, पण तेव्हा बाबांच्या डोळ्यावर पडदा. "तवा मला बायको पन धुरकट दिसायची," ते म्हणाले, "ओरखडा काय दिसनार?" तर्क बिनतोड होता. शाळेत विज्ञान शिकवते मी, मलाही पटला.

रविवारी गेले, तर स्वारीने आधीच उद्योग करून ठेवलेले. बूटपॉलिश, त्यावर आईचं काजळ, त्यावर भाची सुट्टीत विसरून गेलेली ते काळं नेलपॉलिश. "माझ्या लग्नात मला येवढं नटवलं नव्हतं," आई चुलीपाशी बसून म्हणाली. मी ते सगळं पुसून काढलं आणि बंदुकीच्या दुकानातून आणलेली छोटी बाटली उघडली. त्यातलं औषध कापसाच्या बोळ्याने लावलं की उघडं लोखंड हळूहळू निळंकाळं पडतं. थोडं लावायचं, पुसायचं, परत लावायचं. बाबा डोक्यावर उभे. "जास्त नको. जरा अजून. अगो, जास्त झालं!"

"बाबा, माझी आठवीची पोरंसुद्धा इतकं डोकं खात नाहीत."

पहिला ओरखडा दिसेनासा झाला तसा त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. तक्रारीचा अर्ज. त्यात हवालदाराचं नाव हवं, आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द निदान दोनदा. उद्या महाडला जाऊन स्वतः साहेबांच्या हातात देणार होते. तो हवालदार पलीकडच्या वाडीतला, निवृत्तीला आलेला. मी 'महोदय' लिहिलं आणि आई उठून आली.

"त्या गरिबाचं नाव नको लिवू. मी केलंय ते."

बाबा हसले. आई हसली नाही.

बाबा मुंबईत असताना एका तिन्हीसांजेला आमच्या वालात रानडुकरं घुसली. हाकेला कुणी नाही. "धाक म्हनून बंदूक काढली. काडतुसं तुमच्या पेटीत, आन ती चालवतात कशी ते मला कुठं ठावं? मग काय, दस्ता धरला आन नळीनं तेलाचा डबा बडवला. डुकरं ती पळाली, भोरपातुर थांबली नसतील."

आता बाबा घर डोक्यावर घेणार, म्हणून मी आधी बाटलीचं झाकण लावलं.

"किती होती?" बाबांनी विचारलं.

"पाच. येक चांगला सुळेवाला."

"आनि तू येकटी?"

"मग काय, मुंबैला फोन लावू तुमाला?"

"हाताला काय लागलं नाय ना?"

आईने उजवं मनगट पदराखाली घेतलं. ते अजून सुजलेलं होतं. त्या पंधरा दिवसांत मी तिला रोज फोन करत होते, बाबांच्या डोळ्याची खबरबात द्यायला. एकदा ती हात दुखतो म्हणाली होती, आणि मी "बाम लाव" म्हणून पुन्हा डोळ्यावर आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी पदर बाजूला केला. तिचं मनगट उजेडाकडे धरून कितीतरी वेळ निरखलं. "वाकव बरं," म्हणाले. तिला वाकवता येईना.

"उद्या महाडला जायचंच हाय," ते मला म्हणाले. "अर्ज ऱ्हाऊ दे. हिला डॉक्टरला दाखवू."