आमेनच्या आधी

जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करताना तुमचं लक्ष नक्की कोणाकडे असतं?

परवा दुपारी आमच्या घरी प्रार्थना माझ्याकडे होती. युद्धं थांबावीत, अन्याय संपावा म्हणून मी साऱ्या जगासाठी तावातावाने मागत राहिलो. पप्पांची कामावर जायची वेळ झाली होती आणि भाकरी निवत होती. शेवटी आई हळूच म्हणाली, "बाळा, येशू इथंच बसलाय. त्यालाही भूक लागली असेल."

मी डोळे उघडले. पप्पा उपाशीच उठायच्या बेतात होते. ज्याला मी लांब कुठेतरी हाका मारत होतो, तो त्यांच्या रिकाम्या ताटापाशी माझ्या आमेनची वाट पाहत होता.

आज प्रार्थनेत एकदा डोळे उघडा, आणि ज्याला घाई आहे त्याला आधी वाढा.