आईचं लावणीचं गाणं

मंडळी, सकाळपासून डोकं चालेनासं झालंय. कुणाशी बोलू कळेना, म्हणून इथं लिहितेय.

सत्तरच्या दशकात आमच्या गावी, विंझरला, आमचा सर्जा नावाचा बैल भाताच्या खाचरात ऐन चिखलणीत कोसळून मेला. पुढे कित्येक वर्षं भात लावताना आई त्याच्यासाठी गायची, "सर्जा, तुझ्यावाचून माझं रान सुनं." गावातल्या एका गुरुजींनी ते टेप केलं आणि कॅसेटवर लिहिलं, 'लावणीचं गाणं'. भाताच्या लावणीचं हो!

आज भाच्यानं त्याच गाण्याचा कुणीतरी केलेला व्हिडिओ पाठवला. त्यात नथ घातलेली मुलगी घुंगरू बांधून नाचतेय. ओठ तिचे हलतात आणि आवाज माझ्या आईचा. तिचा सर्जा म्हणजे बुलेटवरून येणारा फेटेवाला हिरो. मागे राजगड. आईचं नाव कुठंच नाही.

मी कमेंट केली, "अहो, ही भाताची लावणी आहे. सर्जा आमचा बैल होता." व्हिडिओवाल्यांनी हसरे चेहरे पाठवले. पुन्हा लिहिलं, तर मला ब्लॉकच केलं.

आईनं मात्र मोबाईल डोळ्यांजवळ धरून अख्खं गाणं पाहिलं. मग म्हणाली, "आवाज माजाच हाय. पन सर्जा कवा यायचा?"

"आई, संपलं गं गाणं."

"परत लाव. म्या बगते. यील त्यो."

आता तिसऱ्यांदा लावून दिलंय. ती एकटक बघत बसलीय. तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?